बाळंतिणीचे मन (लेखांक ४) : विचारायचे कधी आणि विचारल्यावर पुढे काय?

मागील लेखात बाळंतपणानंतरचा हळवेपणा आणि नैराश्य यांतला फरक पाहिला. हळवेपणा साधारण दोन आठवड्यांत ओसरतो, नैराश्य मात्र मुक्काम ठोकते. ते हेरण्यासाठी जॉन कॉक्स व सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडलेली एडिंबरा प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत गेल्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न असतात आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. रात्री-अपरात्री बाळाला पाजणाऱ्या बाईची झोप मोडणारच, म्हणून नुसत्या जागरणाला इथे गुण नाहीत. मन खिन्न असल्यामुळे झोप लागत नाही का, असे विचारले जाते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी दखल घ्यावी लागते.

आपल्याकडे ही विचारपूस बाळंतपणानंतर नव्हे, गरोदरपणातच सुरू व्हायला हवी. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोव्यातील अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातही लक्षणीय मानसिक त्रास होता आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याचा घरातला रोष यांचा या आजाराशी संबंध दिसला. यांतली पहिली दोन कारणे बाळाच्या जन्माआधीपासून घरात असतात. मग आपण जन्मानंतरच्या तपासणीची वाट का पाहावी?

यावर गंभीर आक्षेप आहे. कॅनडातील तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये सरसकट सर्व मातांची प्रश्नावली आणि गुणांच्या आधारे तपासणी करू नये, अशी शिफारस केली. तिचा वेगळा फायदा पुराव्यांतून सिद्ध होत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते मान्य करूनही एक गोष्ट विसरता येत नाही. नेहमीच्या तपासणीत डॉक्टर आईच्या मनाची चौकशी करतीलच, हे त्या शिफारशीत गृहीत धरले आहे. आपल्या गर्दीच्या दवाखान्यात वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांची नोंद होते. मनाविषयी विचारायला वेळ आणि सवय दोन्ही नसतात. जिथे चौकशीच होत नाही, तिथे ठरावीक प्रश्नांचा आधार लागतो. गुण म्हणजे निदान नव्हे, हे मात्र पक्के हवे.

दुसरा आक्षेप असा, की उपचार करणारे कुठे आहेत? पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान यांच्या गटाने गरोदरपणात नैराश्य आढळलेल्या स्त्रियांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून मानसिक आधार दिला. २००८ मधील निष्कर्षांनुसार प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी २३ टक्के जणींमध्येच नैराश्य उरले. हा आधार न मिळालेल्या गटात हे प्रमाण ५३ टक्के होते. आपल्याकडे दवाखान्यात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जातात. पण त्यांच्या हाती आणखी एक कागद देऊन भागणार नाही. प्रशिक्षण, वाढीव मोबदला, सासू-नवऱ्यापासून बाजूला बोलण्याची मुभा आणि अवघड प्रसंगी फोन उचलणारा डॉक्टर, एवढे आधी हवे. ते न देता विचारणे म्हणजे बाईला बोलते करून वाऱ्यावर सोडणे. म्हणून जिल्ह्याने आधी उपचाराची साखळी उभारावी आणि मग पहिला प्रश्न विचारावा.

(पुढील लेखांकात : बाळंतिणीच्या उपचारात नवऱ्याचा वाटा)