अमेरिकन मतदाराचें दुहेरी मत

१९७२ सालीं अमेरिकेंतील ५० पैकीं ४९ राज्यांनीं रिपब्लिकन निक्सन यांस अध्यक्षपद दिलें. परंतु त्याच दिवशीं काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतील बहुमत मतदारांनीं डेमोक्रॅटिक पक्षाकडेच ठेविलें. त्याच सेनेटनें १९७३ मध्यें वॉटरगेट प्रकरणाची चौकशी आरंभिली. अशा दुहेरी मतानें सत्तेवर अंकुश राही. पुढें ही रीत ओसरली. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानंतर दक्षिणेंतील गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे वळले, आणि पक्ष म्हणजे जणूं कुळाची ओळखच झाली म्हणाना! २०१६ सालीं सेनेटची प्रत्येक जागा त्या राज्यांत अध्यक्षपदाची लढत जिंकणाऱ्या पक्षासच मिळाली. २०२४ मध्यें मात्र ट्रंप यांस कौल देणाऱ्या चार राज्यांनीं सेनेटवर डेमोक्रॅट धाडले. अर्थात् थोड्याच मतांनीं.