डोंगराचा पहारेकरी

ता. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें चिखलाखालीं गेलीं. ही वार्ता बाहेर कशी कळली? नेहमींच्या फेरीवर आलेल्या एस्. टी. चालकाला गांवच दिसेना, म्हणून! कोसळल्यावर ही स्थिति. मग कोसळण्यापूर्वीं इशारा कोण देणार?

हें काम अंगावर घेणारी विद्या आज उपलब्ध आहे. केरळांतील मुन्नार येथें अमृता विद्यापीठाच्या संशोधकांनीं डोंगरउतारावर मातींतील पाण्याचा दाब व जमिनीची हालचाल मोजणारीं उपकरणें पुरलीं. त्यांचीं मापें बिनतारी यंत्रें एकमेकांच्या हातीं देत पुढें धाडूं लागलीं. २००९ च्या जुलैंत मुसळधार पावसांत या जाळ्याच्या आधारें रहिवाशांना इशाराही देण्यांत आला.

अडचण असते ती विजेची. अशा यंत्राची शिदोरी म्हणजे एक लहानशी बॅटरी. मोजण्यापेक्षां निरोप धाडण्यास शक्ति पुष्कळ अधिक लागते. आणि आश्चर्य असें कीं, कोणी बोलत नसतां नुसतें कान देऊन बसण्यासही जवळजवळ ऐकण्याइतकाच खर्च येतो. म्हणून २००२ सालीं मांडलेल्या ‘एस्-मॅक’ पद्धतींत यंत्रें बराच वेळ झोंपवून, शेजाऱ्यांसह ठरल्या वेळीं जागीं करतात. शक्ति वांचते खरी. परंतु पुढचें यंत्र निजलेलें असलें, तर निरोप अडतो. वाटेंत दहा यंत्रें असलीं, तर ठिकठिकाणीं अडतो!

यावर २००४ सालच्या ‘डी-मॅक’ पद्धतीनें सुरेख तोड काढली. निरोपाच्या वाटेवरील यंत्रें एकामागून एक, क्रमानें जागीं व्हावयाचीं. विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत घागर हातोहात यावी, तसा निरोप न थांबतां पोंचतो. मुन्नारच्या संशोधकांनीं आणखी एक युक्ति योजिली: कोरड्या दिवसांत मापें विरळ घ्यावयाचीं, पाऊस वाढला कीं वारंवार.

आमच्या वाचकांस यांत नवल वाटूं नये. घरांत दुखणें असलें म्हणजे सारींच रात्रभर जागत नाहींत. पाळ्या लावतात, आणि ताप चढला कीं सर्वांना उठवतात.

१९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांतील इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हां बहुतेक घरें निजलेलीं होतीं. सह्याद्रीच्या कुशींत निजणाऱ्यांसाठीं कोणी तरी जागलें पाहिजे. आणि त्याची हांक ऐकून वेळेवर घर सोडण्याची तयारी आपणांकडेही पाहिजे. ती मात्र कोणतेंही यंत्र आणून देणार नाहीं.