ठोकळे, मोठी माणसं आणि आपलं कैलास लेणं
(तृतीय वर्ष, यांत्रिकी)

'ठोकळा' हा शब्द आपल्याकडे कुणी कौतुकाने वापरत नाही. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही तो ठोकळा, आणि जो परीक्षेला ओळ न ओळ पाठ करून येतो तोही ठोकळाच! पण जगात अशी हजारो माणसं आहेत, जी दिवसभर डॉक्टर, वकील किंवा इंजिनिअर म्हणून नोकरी करतात आणि रात्री घरी येऊन प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी जहाजं, देवळं, घड्याळं बांधतात. पोरांसाठी नव्हे, स्वतःसाठी! हा लेख त्या माणसांविषयी आणि त्यांच्या खेळात दडलेल्या आपल्या सिलॅबसविषयी आहे.

लेगो हे नाव बहुतेकांना माहीत असेल. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियानसन नावाच्या सुताराने 1932 साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. 'लेगो' हे नाव 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून आलं. आज आपण ओळखतो तो ठोकळा त्याच्या मुलाने 28 जानेवारी 1958 रोजी पेटंट केला. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बरोब्बर बसतो. 

खोक्यासोबत एक पुस्तिका येते. त्यातली चित्रं बघत जोडत गेलं की मॉडेल तयार. पण ही हौशी मोठी माणसं पुस्तिका बाजूला ठेवतात आणि मनातली गोष्ट बांधतात. अशा मॉडेलला ते 'एमओसी' म्हणतात, म्हणजे 'माय ओन क्रिएशन'. मराठी माणसाला ही कल्पना नवी वाटायचं कारण नाही. दिवाळीत अंगणात माती, विटा आणि जुनं पोतं घेऊन आपण जो किल्ला करतो, तो दुसरं काय असतो? त्याला कुठली पुस्तिका असते? आणि किल्ला 'मुलांचा' म्हणायचा असला तरी बुरुजाचा उतार नीट आला नाही म्हणून तो पाडून पुन्हा करणारे काका प्रत्येक वाड्यात, प्रत्येक कॉलनीत असतातच की!

ठोकळा बसतो कसा?

आता जरा आपल्या विषयाकडे येऊ. ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्याला स्टड म्हणतात. आपण त्याला बटण म्हणू. शेजारच्या दोन बटणांच्या केंद्रांतलं अंतर 8 मिलिमीटर आणि बटणाचा व्यास 4.8 मिलिमीटर. ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या असतात. एक नळी खालच्या चार बटणांच्या मधोमध घुसते आणि चौघांनाही टेकते. तिचा व्यास किती हवा? चार बटणांच्या चौकोनाचा कर्ण काढा : 8 गुणिले वर्गमूळ 2, म्हणजे 11.31. त्यातून समोरासमोरच्या दोन बटणांच्या त्रिज्या, म्हणजे 4.8 वजा करा. उत्तर आलं 6.51 मिलिमीटर. हे माप जरा कमी झालं तर ठोकळा निसटतो, जरा जास्त झालं तर मुलाच्या हाताला निघत नाही.

सेकंड इयरला आपण लिमिट्स, फिट्स आणि टॉलरन्सेस व्हायव्हापुरतं पाठ करतो ना, ते नेमकं हेच. यासाठी लागणारे साचे काही मायक्रॉनच्या अचूकतेने करावे लागतात. 1963 पासून ठोकळ्यांना एबीएस प्लास्टिक वापरतात, कारण आधीच्या सेल्युलोज अॅसिटेटच्या तुलनेत ते आपला आकार नीट टिकवून ठेवतं. साचा म्हणजे काय चीज असते हे ज्याला बघायचं असेल त्याला फार लांब जायला नको. चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे डाय आणि मोल्ड बनवण्याचंच शिक्षण देतात.

बरं, या एका साध्या आकारातून शक्यता किती? आठ बटणांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे 24 प्रकारे जोडता येतात. तीन घेतले तर 1,060 प्रकारे. आणि सहा घेतले तर? 91,51,03,765 प्रकारे! कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी कॉम्प्युटरवर मोजून काढलेला हा आकडा आहे. सहा ठोकळे मुठीत मावतात हे लक्षात घ्या.

आडवे ठोकळे, उभे ठोकळे

नवशिक्याची सगळी बटणं आकाशाकडे तोंड करून असतात. त्यामुळे कुठलीही इमारत पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. मुरलेला माणूस ठोकळा कुशीवर झोपवतो आणि नक्षी भिंतीच्या दर्शनी बाजूला आणतो. पण झोपवलेला ठोकळा उभ्यांच्या मापात बसणार कसा? ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर आहे आणि बटणांचं अंतर 8, म्हणजे माप जुळत नाही.

इथे उपयोगी पडते ती चपटी पट्टी, जिला प्लेट म्हणतात. तिची उंची 3.2 मिलिमीटर, म्हणजे ठोकळ्याच्या बरोबर एक तृतीयांश. पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की झाले 16 मिलिमीटर, आणि दोन बटणांची रुंदीही 16! पाच प्लेट बरोबर दोन बटणं, एवढं एक समीकरण आलं की ठोकळे कुठल्याही दिशेला वळवता येतात. सगळी मापं 0.4 मिलिमीटरच्या पटीत आहेत, त्यामुळे हा हिशोब कागदावरसुद्धा होतो.

आपल्या शहराचं उदाहरण घेऊ. कंपनीने 2008 साली ताजमहालाचा 5,922 तुकड्यांचा सेट काढला होता. बीबी का मकबऱ्याचा सेट मात्र तिने काढलेला नाही. तो हवा असेल तर स्वतःच डोकं चालवावं लागेल. तसं मकबऱ्याच्या बांधकामातच हौशी लोकांची एक युक्ती आहे. घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला संगमरवर आणि बाकी बराच भाग दगडावर गिलावा! ठोकळेवालेही तेच करतात. चांगल्या रंगाचे तुकडे दिसेल तिथे लावायचे आणि पोटात लाल, हिरवे, निळे जे उरलं असेल ते भरायचं. बजेट कमी पडलं म्हणून काम थांबत नाही, हे त्यांनाही कळलं होतं आणि यांनाही.

कैलास खालून वर बांधताना

आता त्याहून अवघड गोष्ट. वेरूळचं सोळा नंबरचं लेणं, म्हणजे कैलास. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम. ते बांधलेलंच नाही, वरून खाली कोरलेलं आहे. दंतकथा अशी की, शिखर दिसल्याशिवाय जेवणार नाही असं राणीने व्रत घेतलं, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने आधी शिखरच कोरून दाखवलं. दंतकथा सोडून देऊ, पण क्रम खरा आहे. वर्कशॉपच्या भाषेत कैलास म्हणजे मिलिंग : नको असलेलं काढून टाकायचं. ठोकळे म्हणजे थ्री-डी प्रिंटिंग : थरावर थर चढवायचा. म्हणजे ठोकळ्यांनी कैलास करायचा तर कोकसाचं काम उलट्या क्रमाने करावं लागणार.

आधी स्केल ठरवू. लेगोचा माणूस साधारण 4 सेंटीमीटर उंच असतो. खरा माणूस 1.7 मीटर धरला तर प्रमाण झालं सुमारे 1 : 42. कैलासाची उंची ढोबळमानाने 30 मीटर आणि आवाराची लांबी 80 मीटर धरा. मॉडेल होईल 70 सेंटीमीटर उंच आणि 1.9 मीटर लांब. आपल्या हॉस्टेलच्या कॉटवरही ते मावणार नाही आणि तुकडे विकत घ्यायचे तर मेसचे किती महिने बुडतील ते विचारू नका!

मग स्केल लहान करू : 1 : 300. आता उंची 10 सेंटीमीटर, म्हणजे दहा-अकरा ठोकळे, आणि लांबी 27 सेंटीमीटर, म्हणजे 33 बटणं. बाजारात मिळणारी 32 बटणांची चौरस बेसप्लेट जवळपास पुरते. पण मंदिराचा भार पेलणारी ती हत्तींची रांग? दोन मीटरचा हत्ती या स्केलला 7 मिलिमीटरचा होतो, म्हणजे एका बटणापुरता. सोंड नाही, सुळे नाहीत. आता एका बटणाने हत्ती कसा दाखवणार? खरी कल्पनाशक्ती लागते ती इथे. राखाडी बटणांची एकसारखी रांग आणि तिच्यावर जरा पुढे आलेला जाड थर, एवढं नीट जमलं तर ज्याने वेरूळ पाहिलंय त्याचा डोळा हत्ती आपोआप पूर्ण करतो. काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं हे ठरवणं म्हणजेच मॉडेल करणं. बीम सोडवताना आपणही त्याचा रंग आणि गंज सोडून फक्त लांबी आणि लोड ठेवतोच की.

दुसरी अडचण कड्यांची. आवाराच्या बाजूच्या ओवऱ्या डोंगराच्या पोटात कोरल्या आहेत आणि त्यांच्या डोक्यावर कातळ पुढे आला आहे. ठोकळा दाबाला फार पक्का असतो. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत 2012 साली चार बटणांचा ठोकळा टेस्टिंग मशीनमध्ये दाबून बघितला, तो सरासरी 4,240 न्यूटनला दबला. हिशोबाने त्याच्यावर साडेतीन किलोमीटर उंच ठोकळ्यांची रास राहू शकते! पण ओढायला गेलं तर तोच ठोकळा लहान मुलाच्या बोटांनी निघतो. त्यामुळे पुढे आलेला कडा फक्त चिकटून राहणार नाही. त्याचे ठोकळे मागे भिंतीत खोल घुसवून त्यांच्यावर वजन द्यावं लागतं. कॅन्टिलिव्हर म्हणजे काय हे चाळीस पानी नोट्सपेक्षा इथे लवकर कळतं, कारण चुकलं तर ते हातात पडतं.

गिअर आणि एक हट्टी आकडा

हे फक्त इमारतींपुरतं नाही. 1901 च्या सुमारास ग्रीसजवळ समुद्रात बुडालेल्या जहाजातून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं एक गिअरचं यंत्र सापडलं. अँटिकिथेरा यंत्र म्हणतात त्याला. सूर्य-चंद्राची स्थिती आणि ग्रहणं सांगणारं. अमेरिकेतल्या अँड्र्यू कॅरोल या सॉफ्टवेअर इंजिनिअरने 2010 मध्ये तसं काम करणारं यंत्र लेगोतून चालवून दाखवलं.

यातली गंमत बघा. 19 वर्षांत चंद्र आकाशात 254 फेऱ्या मारतो. 254 म्हणजे 2 गुणिले 127, आणि 127 ही मूळ संख्या. लेगोच्या नेहमीच्या गिअरना दाते 8, 12, 16, 20, 24, 40. त्यांचे अवयव फक्त 2, 3 आणि 5. गुणाकार-भागाकाराने 127 येणारच नाही, कितीही गिअर जोडा. मग? डिफरन्शियल! गाडीच्या मागच्या अॅक्सलवर असतो तोच. त्याची पेटी दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांच्या सरासरीने फिरते, म्हणजे तो बेरीज करू शकतो. आता 127 म्हणजे, उदाहरणार्थ, 125 अधिक 2. हे दोन्ही आकडे गिअरने मिळतात! हट्टी आकडा बेरजेने वाकवायचा. 19 चंही तसंच, 16 अधिक 3.

आपल्या खिशाचं काय?

तुम्ही म्हणाल, हे सगळं श्रीमंतांचे चोचले. लेगो महाग आहे हे खरंच. पण यावर दोन उपाय आहेत.

पहिला कॉम्प्युटरवरचा. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन माणसाने 1995 साली एलड्रॉ नावाची ठोकळ्यांची मोफत प्रणाली सुरू केली. दोन वर्षांनी तो गेला, पण जगभरच्या हौशी लोकांनी ती पुढे चालू ठेवली आहे. तिच्यात ठोकळ्याचं सगळ्यात लहान माप तेच, 0.4 मिलिमीटर. हॉस्टेलमधल्या जुन्या पीसीवर बसून पाहिजे तेवढे ठोकळे वापरा, एक रुपया लागत नाही.

दुसरा उपाय पुण्याच्या माणसाचा. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करत असताना ते 1978 मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून मेकॅनो तयार केला. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कोलमडतो, मधे एक तिरकी काडी टाकली की पुन्हा पक्का. फर्स्ट इयरचं ट्रसचं सूत्र आठवतंय? मेंबर बरोबर दोन गुणिले जॉइंट वजा तीन. चार जॉइंटना पाच मेंबर. गावातली मुलं ते सूत्र न लिहिता हाताने शिकतात. पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंमधून शेकडो खेळणी केली, आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे सगळं लिहायचं कारण काय? कारण आपल्याकडे फायनल इयरला 'प्रोजेक्ट करायचा कसा' याच्या आधी 'प्रोजेक्ट मिळतो कुठे' हे विचारलं जातं. पैसे दिले की मॉडेल, रिपोर्ट आणि व्हायव्हाची उत्तरंसुद्धा एका पिशवीत मिळतात. त्यावर शिक्का बसतो, मार्क पडतात. पण ते मॉडेल हाताने खोलून पुन्हा जोडायला सांगितलं तर आपल्यातले किती जण जोडतील? ज्याला कुणी मार्क देत नाही, ज्याची सबमिशनची तारीख नाही, असा तो चाळिशीतला माणूस मात्र एका गिअरसाठी अख्खा रविवार घालवतो. पुस्तिका सोबत आली होती तरी ती बाजूला ठेवून!

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. हॉस्टेलच्या रिक्रिएशन रूममध्ये कॅरमशेजारी एक टेबल मोकळं ठेवता येईल. आगपेट्या, व्हॉल्व ट्यूब, घरी भावंडांचे पडून असलेले ठोकळे, ज्याच्याकडे जे असेल ते आणायचं. वॉर्डन सर आणि मेसचे काका यांनाही आमंत्रण. पहिलं काम ठरलेलंच आहे : कैलासाचे हत्ती. एका बटणाचा हत्ती कोण करतंय, बघू या!