चाळीस वर्षे अडगळीत पडलेला स्फटिक

किरणोत्सर्ग टिपणारा नवा पदार्थ सापडल्याच्या आणि त्यामुळे तपासणीच्या यंत्रांमध्ये क्रांती होणार असल्याच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. २०१८ नंतर तर सीझियम, शिसे आणि ब्रोमीन यांच्या पेरोव्हस्काइट रचनेच्या अतिसूक्ष्म स्फटिकांविषयी अशा बातम्यांचे पेवच फुटले. हे संशोधन खोटे नाही, परंतु या क्षेत्राचा इतिहास पाहता अशा बातम्यांतील उत्साह थोडा आवरून घ्यावा लागतो.

अशा पदार्थांना सिंटिलेटर म्हणतात. अदृश्य गॅमा किरण त्यांत शिरला की तो एखाद्या इलेक्ट्रॉनला जोराने उडवतो, तो इलेक्ट्रॉन वाटेतल्या असंख्य इलेक्ट्रॉनांना उत्तेजित करतो आणि ही ऊर्जा, बहुधा स्फटिकात मुद्दाम मिसळलेल्या दुसऱ्या मूलद्रव्याच्या अणूंपाशी पोहोचून, प्रकाशाच्या क्षणिक चमकेच्या रूपाने बाहेर पडते. चमक जितकी प्रखर तितकी किरणाची ऊर्जा अधिक, आणि ऊर्जा कळली की तो किरण कोणत्या किरणोत्सारी द्रव्यातून आला हेही ओळखता येते.

बर्लिनमध्ये १९४७ साली हार्टमुट कालमन यांनी नॅप्थलीनच्या, म्हणजे कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्यांच्या द्रव्याच्या, पारदर्शक तुकड्यातील चमका प्रकाशवर्धक नळीने मोजून दाखवल्या, आणि पुढच्याच वर्षी प्रिन्स्टन येथे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी सोडियम आयोडाइडमध्ये किंचित थॅलियम मिसळून जो स्फटिक सिद्ध केला तो आजही सर्वत्र वापरात आहे. नाझी कायद्यामुळे १९३३ मध्ये नोकरी गमावूनही जर्मनीतच तग धरून राहिलेल्या कालमन यांचे नाव मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

सोडियम आयोडाइडची उणीव त्याच्या विभेदनक्षमतेत, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या दाखवण्याच्या कुवतीत आहे. अणुभट्टीच्या अपघातात पसरणाऱ्या सीझियम-१३७ च्या गॅमा किरणाची ऊर्जा ६६२ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर जमिनीतील युरेनियमच्या क्षयातून निसर्गतःच निर्माण होणाऱ्या बिस्मथ-२१४ चा एक ठळक किरण ६०९ चा असतो. ऊर्जेच्या आलेखावर या दोन किरणांची दोन वेगळी शिखरे दिसायला हवीत. परंतु सोडियम आयोडाइडमध्ये त्यांची रुंदी सुमारे ७ टक्के, म्हणजे ४५ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असल्याने ती एकमेकांत मिसळू लागतात. सेरियम मिसळलेल्या लँथॅनम ब्रोमाइडने २००१ नंतर ही रुंदी ३ टक्क्यांच्या आसपास आणली. मात्र निसर्गातील लँथॅनमचा एक अल्पांश स्वतःच किरणोत्सारी असल्याने, आणि त्याचा एक किरण पोटॅशियम-४० च्या किरणाला जवळजवळ खेटूनच असल्याने, मापकच स्वतःच्या नोंदींत भर घालतो!

या पार्श्वभूमीवर स्ट्रॉन्शियम आयोडाइडची हकीकत उद्बोधक ठरते. युरोपियम मिसळलेल्या या स्फटिकाचे पेटंट हॉफस्टॅटर यांनाच १९६८ मध्ये मिळाले होते, परंतु त्या काळच्या स्फटिकांत त्याचे खरे गुण उतरले नाहीत आणि तो विस्मरणात गेला. अणुकेंद्राच्या अंतरंगावरील ज्या कार्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल मिळाले त्याच्या तेजापुढे त्यांचे हे काम झाकोळले, असेही म्हणावे लागते. २००८ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच पदार्थ पुन्हा हाती घेतला, तेव्हा त्याचा प्रकाश सोडियम आयोडाइडच्या सुमारे दुप्पट भरला आणि शिखराची रुंदीही ३ टक्क्यांच्या जवळ आली. सूत्र जुनेच होते. कच्च्या मालाची शुद्धता आणि स्फटिक वाढवण्याची हातोटी तेवढी नवी होती.

ही हातोटी सोपी नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते त्याहूनही झपाट्याने हे आयोडाइड व ब्रोमाइड क्षार हवेतील बाष्प शोषतात, म्हणून ते निर्जल करून क्वार्ट्झच्या नळीत बंद करावे लागतात. मग ती नळी भट्टीच्या तप्त भागातून थंड भागाकडे तासाला जेमतेम काही मिलिमीटर या गतीने सरकवली जाते, आणि स्फटिक निरनिराळ्या दिशांना कमी-अधिक आकुंचन पावत असल्यास कित्येक दिवसांच्या श्रमांनंतर त्याला तडा जातो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने गॅडोलिनियम, गॅलियम व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडचे, सेरियम मिसळलेले स्फटिक वाढवले आहेत; त्यांना बाष्पाचे भय नाही, पण त्यांचा द्रव १८०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून त्यातून स्फटिक फिरवत हळूहळू वर खेचावा लागतो.

पेरोव्हस्काइटच्या सूक्ष्म कणांचे पातळ थर क्ष-किरणांच्या पडद्यांसाठी खरोखर आशादायक आहेत. गॅमा किरणांचे गणित मात्र वेगळे आहे, कारण सीझियम-१३७ चे निम्मे किरण अडवण्यासाठी सोडियम आयोडाइडचीही सुमारे अडीच सेंटिमीटर जाडी लागते. त्यामुळे नव्या सिंटिलेटरची बातमी वाचताना त्याच्या प्रकाशाचा आकडा पाहण्याआधी स्फटिक किती मोठा वाढवता आला, हे वाचकांनी शोधावे. स्फटिकाच्या आकाराचा आकडा बातमीत नसेल, तर यंत्र बाजारात येण्यास अजून बराच अवकाश आहे असे समजावे.