निजणे आणि निजवणे : मावळातील बालनिद्रेच्या साधनांचा शरीरशास्त्रीय विचार

आषाढात भातखाचरांची चिखलणी झाली म्हणजे मावळातील बहुतेक कष्टकरी स्त्रिया लावणीस उतरतात. मूल अंगावर पिणारे असले तरी त्यास अपवाद नसतो. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तीनही खोऱ्यांत बांधावरच्या झाडास अथवा शेतातील खोपीच्या आढ्यास जुन्या लुगड्याची झोळी टांगून तीत तान्हे मूल ठेवण्याची चाल जुनी आहे. मूल निजले तर रोप लागते. न निजले तर आईचा हात थांबतो आणि मजुरी बुडते. बालनिद्रेचा प्रश्न म्हणूनच केवळ संगोपनाचा नाही. तो श्रमाचाही आहे. या गोष्टीकडे दुर्लक्ष करून निद्रेच्या ‘नैसर्गिक’ साधनांचा विचार केल्यास तो अर्धवट राहतो.

या साधनांचे सामान्यतः एकच गाठोडे बांधले जाते. झोळी, अंगाई, तेल-पाणी, धुरी, बाळगुटी ही सारी आजीबाईची परंपरा म्हणून एकतर सरसकट गौरविली जाते किंवा सरसकट त्याज्य ठरते. आमच्या मते या गाठोड्यात दोन भिन्न प्रकारची साधने मिसळलेली आहेत. काही साधने लय, स्वर, स्पर्श व उजेड यांच्या द्वारे मुलाच्या स्वतःच्या निद्रायंत्रणेस साहाय्य करतात. काही मात्र पोटातून वा श्वासातून शिरून त्या यंत्रणेस बधिर करतात. पहिली निजविणारी, दुसरी गप्प करणारी. दोहोंचा बाह्य परिणाम सारखाच दिसतो, आणि घोटाळा तेथेच होतो.

प्रथम निद्रेचे स्वरूप पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार पहिल्या तीन महिन्यांत मुलास दिवसाकाठी १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांच्या मुलास १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांच्या मुलास ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोप आवश्यक असते. नवजात मुलाचे एक निद्राचक्र पाऊण ते एक तासाचे असते, तर प्रौढाचे सुमारे दीड तासाचे. शिवाय नवजाताची जवळजवळ अर्धी झोप चंचल स्वरूपाची असते. तीत डोळे पापण्यांखाली फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, मूल हसते, कण्हते, क्वचित रडतेही. शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी या निद्रावस्थेचे वर्णन १९५३ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडील वृद्ध स्त्रिया अशा वेळी ‘सटवाई हसवते आहे, हात लावू नका’ असे म्हणतात. कारण चुकीचे असले तरी सल्ला उत्तम आहे. कारण या अवस्थेत कण्हणारे मूल बहुधा जागे नसते, आणि त्यास घाईने उचलणे म्हणजे त्याची झोप आपणच मोडणे होय.

आता झोळीकडे वळू. तिचे यंत्रशास्त्र पाहण्यासारखे आहे. झोळी हा एक साधा लंबक होय. लंबकाच्या हेलकाव्याचा काळ त्याच्या लांबीवर अवलंबून असतो, टांगलेल्या वजनावर नव्हे. आढ्यापासून मुलाच्या शरीरापर्यंत दोन मीटर अंतर असेल, तर जाऊन-येऊन एका हेलकाव्यास सुमारे २.८ सेकंद लागतात. अर्धा मीटर लांबीच्या लहान पाळण्यास अवघे १.४ सेकंद पुरतात. लांबी चौपट झाली की काळ दुप्पट होतो. म्हणजे उंच आढ्यास टांगलेली झोळी आपोआप संथ असते. झोका देणारी थोरली बहीण कितीही उतावळी असली तरी तिला सहसा ती लय बिघडविता येत नाही. जिनीव्हा येथे २०११ मध्ये प्रौढांवर झालेल्या एका प्रयोगात चार सेकंदांस एक हेलकावा देणाऱ्या शय्येवर दुपारची झोप स्थिर शय्येपेक्षा लवकर लागल्याचे आढळले. आपल्या झोळीची गती याहून थोडी जलद, परंतु त्याच जातीची आहे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पाय लावलेल्या पाळण्यास ढकलले असता त्यातील मूल एका बाजूस कलंडते. झोळीत तसे होत नाही. कारण दोरीस टांगलेल्या शरीरास जाणवणारे बल सदैव दोरीच्याच दिशेने असते. मुलाची पाठ झोळीच्या तळाशीच दाबलेली राहते आणि हेलकाव्यागणिक त्यास केवळ किंचित जड व किंचित हलके वाटत राहते. अंतःकर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियास मिळणारी ही मंद, नियमित संवेदना मेंदूस शांतविते. जपानमध्ये कुरोदा व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले, की आईने कडेवर घेऊन चालू लागताच तान्ह्याचे रडणे थांबते, हातपाय सैल पडतात आणि हृत्स्पंदन झपाट्याने मंदावते. उंदराच्या पिलांतही हाच प्रतिसाद आढळतो. म्हणजे ही केवळ सवय नव्हे, तर सस्तन प्राण्यांचा पुरातन ठेवा आहे. त्याच संशोधकांच्या २०२२ च्या अभ्यासात असेही दिसून आले, की निजलेले मूल खाली ठेवताना जागे होते ते मुख्यतः आईच्या अंगापासून अलग होण्याच्या क्षणी. यास्तव पाच मिनिटे चालावे, मूल निजल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे घेऊन बसावे आणि मग ठेवावे, असे ते सुचवितात. झोळीत निजलेल्या मुलास हा संक्रमणाचा प्रसंगच येत नाही.

झोळीचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. मानेवर ताबा नसलेल्या नवजाताची हनुवटी कापडाच्या खोलगट तळात छातीस टेकून श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. पदर तोंडावर येऊ शकतो. आणि मोठी मुले झोळीशी खेळताना फास बसल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. नवजातास दीर्घ झोपेसाठी सपाट व घट्ट अंथरुणावर उताणेच निजवावे, हे तत्त्व १९९० नंतरच्या दशकात अनेक देशांत अंगीकारले गेले आणि तेथील अकस्मात बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले. झोळी ही नजरेच्या टप्प्यातील साधन आहे. नजर नसेल तेथे ती नसावी.

लयीइतकाच स्वर महत्त्वाचा. मावळ व मुळशीच्या डोंगराळ गावांतून हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला आणि पुढे तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत गेला. त्याचे वाङ्मयीन व सामाजिक मोल अनेकांनी सांगितले आहे. आम्हांस येथे वेगळीच बाजू नमूद करावयाची आहे. पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या आईच्या मांडीवर अथवा शेजारी मूल असे. त्याच्या कानी जात्याची अखंड घरघर, तिच्यावर तरंगणारा संथ स्वर आणि दळणाऱ्या देहाची डुलणारी हालचाल ही तिन्ही एकाच वेळी पोहोचत. लंडनमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात एकसुरी घरघर ऐकविलेल्या वीस नवजातांपैकी सोळा पाच मिनिटांत निजले. न ऐकविलेल्या वीसांपैकी केवळ पाच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात परक्या भाषेतील अनोळखी अंगाई ऐकूनही तान्ह्यांचे हृत्स्पंदन मंदावल्याचे आढळले. अंगाईचे शब्द मुलासाठी नसतात, हे यावरून उघड होते. ते बहुधा आईसाठी असतात. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांचे शरीरावरील परिणाम यंत्रांनी मोजण्याचे कार्य तेथे सुरू झाले. दीर्घ उच्छ्वासाने मन शांत होते, हा योगाभ्यासातील परिचित अनुभव आहे. तान्ह्यास असा उच्छ्वास शिकविता येत नाही. परंतु गाणाऱ्या आईचा उच्छ्वास आपोआप दीर्घ होतो, आणि शांत झालेल्या देहाशी टेकलेले मूल लवकर निवते.

जाते गेले, पिठाची गिरणी आली. कोणीही समंजस मनुष्य जात्याच्या पुनरागमनाची इच्छा करणार नाही. त्या पहाटेच्या दळणाने किती कंबरा मोडल्या, हे त्या ओव्याच सांगतात. परंतु जात्याच्या घरघरीची जागा मोबाइलमधील गाण्यांनी, विशेषतः चमकत्या चित्रांसह, घेतली तर हिशेब जुळत नाही. त्यातील स्वर निजवितो, पण उजेड जागवितो.

उजेडाचा प्रश्न मावळात विशेष आहे. दिवस व रात्र ओळखणारे शरीरातील घड्याळ जन्मतः अपक्व असते. रात्रीच्या निद्रेशी संबंधित मेलाटोनिन या संप्रेरकाची लय साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात प्रस्थापित होते. तोवर मूल उसनी लय वापरते. रात्रीच्या मातृदुग्धात मेलाटोनिन असते, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. म्हणून नोकरी करणारी माता दूध काढून ठेवीत असेल तर त्यावर वेळ लिहून रात्रीचे दूध रात्रीच पाजणे युक्त ठरेल. उसन्या लयीचा दुसरा स्रोत दिवसाचा उजेड. इंग्लंडमधील २००४ च्या एका अभ्यासात सहा आठवड्यांची जी मुले रात्री चांगली निजत, त्यांना दुपारी बारा ते चारच्या दरम्यान अधिक उजेड मिळालेला आढळला. लोणावळा-खंडाळ्याच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही. झडी लावलेल्या जुन्या घरांत दुपारीही दिवा लागतो. तथापि ढगाळ आकाशाखालील उजेडही घरातील दिव्याच्या अनेक पट असतो. पावसाळ्यात जन्मलेल्या मुलास पडवीत, ओल व वारा चुकवून, दुपारी काही वेळ ठेवणे हा औषधावाचून होणारा उपाय आहे. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीची रूढी मात्र या दृष्टीने प्रतिकूल आहे. खोली अंधारी असावी, पण रात्री.

तेल-पाण्याविषयी थोडक्यात. दिल्ली येथे झालेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार आठवडे मालीश केलेल्या तान्ह्यांत, विशेषतः तिळाच्या तेलाने, वाढ सुधारली आणि मालीशीनंतरची झोपही सुधारली. मालीश मऊ हाताची असावी. नाक-कानांत तेल सोडू नये. थोड्या मोठ्या मुलांच्या बाबतीत महत्त्व कृतीपेक्षा क्रमास आहे. दिवेलागण, परवचा, जेवण, अंथरूण, गोष्ट हा ठरलेला अनुक्रम रोज त्याच वेळी घडला, की मुलाचे शरीर पुढील पायरीची अपेक्षा करू लागते. सात ते छत्तीस महिन्यांच्या मुलांच्या ४०५ मातांच्या साहाय्याने केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा नित्यक्रमाने दोन आठवड्यांतच झोप सुधारली.

आता दुसऱ्या प्रकाराकडे. धुरी देताना निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग टाकून मुलास धूर देतात आणि ‘मग कसे शांत निजते’ असे म्हणतात. पावसाळ्यात दारे बंद असतात. बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही, पण सुस्ती आणतो. त्या शांततेचे कारण ओवा असेल, असे मानण्याचे धाडस कोणी करू नये. बाळगुटीची मात्रा सहाणेवरील वेढ्यांनी मोजतात. परंतु हाताचा दाब, सहाणेचा खरखरीतपणा आणि जायफळाचा जुनेपणा यांनी दोन वेढ्यांचा अर्थ घरोघर बदलतो. जायफळ हे अधिक मात्रेत मेंदूवर विषारी परिणाम करणारे द्रव्य आहे. गुटीत घातलेला मध एक वर्षाखालील मुलास स्नायू लुळे पाडणारा दुर्मीळ पण घातक विकार जडवू शकतो. पहिल्या सहा महिन्यांत दुधावाचून काहीही न देणे, हाच आजचा वैद्यकीय निर्णय आहे.

या प्रकाराचे टोक म्हणजे अफूची बाळागोळी. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना तान्ह्यांस ती देत. १९२२-२३ च्या सुमारास डॉ. बार्न्स यांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची जी पाहणी केली, तीत ही चाल ठळकपणे नोंदली गेली. १९३१ मध्ये सादर झालेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालातही तिचा उल्लेख आहे. अफू श्वसनकेंद्रास मंद करते आणि भूकही मारते. मूल रडत नाही, म्हणून पाजले जात नाही. पाजले जात नाही, म्हणून खंगते. त्या मातांना दोष देणे सोपे आहे. पण घरी मूल सांभाळण्यास कोणी नाही आणि गिरणीत पाळणाघर नाही, अशा स्थितीत त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता? अफू गेली, परंतु तिची जागा रिकामी राहिली नाही. सर्दीच्या औषधांतील झोप आणणारी द्रव्ये प्रवासात वा रात्री ‘थोडी’ दिली जातात. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांस देऊ नये, अशी सूचना औषधाच्या वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांस २०२३ च्या डिसेंबरात काढावा लागला.

तात्पर्याने पाहता निजविणाऱ्या साधनांस एकच गोष्ट लागते, जी गप्प करणाऱ्यांस लागत नाही : मोकळा हात. झोका देण्यास, चालण्यास, गाण्यास कोणीतरी माणूस हवे. तळेगावच्या कारखान्यात नोंदणीकृत नोकरी करणाऱ्या स्त्रीस २०१७ च्या दुरुस्तीमुळे पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू शकते, आणि पन्नास वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आहे. त्याच तालुक्यात रोजंदारीने भातलावणी करणारी स्त्री या तरतुदीत बसत नाही. तिची झोळी खोपीत असते, झोका सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हाती असतो, आणि ती मुलगी त्या दिवशी शाळेत गेलेली नसते.