बंदूक नको, दुर्बीण घ्या!

आजोबांकडून माळावरच्या शिकारीच्या गोष्टी ऐकल्यात ना? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दिवस संपले. पण तीन पिढ्यांनी एका गाडीतून माळ धुंडाळण्याची मजा तीच आहे!

📍 सुपे (बारामती) : मयूरेश्वर अभयारण्य. जेमतेम ५.१४ चौ. किमी, पण चिंकाऱ्यांचं हक्काचं घर.
📍 शिर्सुफळ (बारामती), कडबनवाडी (इंदापूर) : वन विभागाची गवताळ माळरान सफारी. लांडगा, खोकड, तरस.
📍 भिगवण : उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी.

पहाटेच निघा. लांडगा दिसला तर गाडी मागे घालू नका, जागीच थांबा. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे नातवंडांना तिथेच उभं राहून सांगा. 🌾