कोंडेश्वरचा यजमान कोण?

ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा पावसाळी मनाई आदेश यंदाही निघाला. अंबरनाथ तालुक्यातली कोंडेश्वर, भोज, दहिवली ही नावे यादीत आहेतच. पाण्यात उतरायचे नाही, दारू प्यायची नाही, कड्याच्या टोकाला उभे राहून सेल्फी काढायचा नाही, धबधब्यापासून एक किलोमीटरच्या आत गाडी न्यायची नाही. शेजारच्या बदलापूरकरांना ही कलमे पाठ आहेत. आदेशानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रविवारी काय होते, तेही पाठ आहे. शहराच्या पूर्वेला रिक्षा भरभरून निघतात, पोलीस वाटेत अडवतात, काही जण माघारी फिरतात आणि बाकीचे शेताच्या बांधावरून वाट काढतात.

त्या बांधाचा मालक आदेशात कुठेच नाही. आदेशात सरकार आहे आणि पर्यटक आहे. ज्यांच्या दारात हा सगळा प्रकार चालतो त्या वाड्यांना, म्हणजे ठाकूर-कातकरी वस्त्यांना आणि भोजसारख्या गावांना, कुणी काही विचारलेले नाही. पर्यटक आले तेव्हा विचारले नव्हते आणि बंदी घातली तेव्हाही विचारले नाही. पर्यटनाच्या नीतीची चर्चा मला इथूनच सुरू करावीशी वाटते. कचरा, गोंगाट, बेशिस्त हे प्रश्न त्याच्या मागून येतात.

कोंडेश्वर म्हणजे मुळात शंकराचे ठाणे. देऊळ आणि शेजारी कातळात पाणी कोसळून तयार झालेला कुंड. वरून पाहणाऱ्याला हिरवट, शांत पाणी दिसते. तळाची खोली, कातळावरची शेवाळाची निसर आणि डोंगरात पाऊस झाला की काही मिनिटांत वाढणारी ओढ वरून दिसत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये घाटकोपरहून आलेले चार तरुण याच कुंडात बुडाले. चौघेही जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. पुढे जून 2024 मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळून चार जण दगावले. त्यानंतर राज्यभर आदेश कडक झाले. ते व्हायलाच हवे होते. माणूस मरत असताना आधी नीतीची चर्चा करू, मग दोर टाकू, असे कुणी म्हणणार नाही.

पण आदेशाने मृत्यू थांबवण्याचा प्रयत्न होतो, आतिथ्याचा प्रश्न सुटत नाही. पावसाळ्यातले दोन-अडीच महिने वाडीतल्या बाईसाठी उकडलेल्या शेंगा, भाजलेला मका, चहा आणि भजी विकून चार पैसे गाठीला बांधायचे असतात. बंदी आली की पहिला रोजगार तिचा जातो. शेजारच्या शेतकऱ्याची गोष्ट नेमकी उलटी. त्याची आवणी याच दिवसांत असते. खाचरात फुटलेल्या बाटलीची काच चिखलाखाली जाते आणि अनवाणी पायाला लागते तेव्हाच कळते. भाताची लावणी बूट घालून होत नाही. त्याला बंदी हवी असते, तीही वर्षभराची. एकाच गावात, कधी एकाच घरात, ही दोन मते असतात आणि दोन्ही खरी असतात.

याच प्रश्नावर 1975 मध्ये जॉर्ज डॉक्सी नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकांनी एक मांडणी केली. पर्यटनाच्या अभ्यासक्रमात ती आजही शिकवतात. आपल्याकडच्या नियोजनात मात्र तिचा मागमूस नाही. डॉक्सी यांनी कॅरिबियन समुद्रातले बार्बाडोस बेट आणि ओंटारियोतले नायगारा-ऑन-द-लेक हे छोटे गाव पाहिले. दोन्हीकडे बाहेरच्यांचा ओघ वाढत होता. त्यांनी निष्कर्ष असा काढला की, यजमान समाजाचे मन चार पायऱ्या उतरते. पहिली पायरी आनंदाची. कुणीतरी आपले गाव पाहायला आले, याचेच अप्रूप असते. पाहुण्याला घरात बसवतात, पाणी देतात, वाट दाखवायला पोर सोबत धाडतात. दुसरी पायरी सवयीची. पाहुणा आता गिऱ्हाईक होतो, बोलणे भावापुरते उरते. तिसरी पायरी चिडीची. गर्दी सोसण्यापलीकडे जाते, रस्ता तुंबतो, पाणी घाण होते, आणि गावकरी आपल्याच गावात वाट काढत चालतो. चौथी पायरी उघड वैराची. गावात जे जे वाईट घडते त्याचे खापर बाहेरच्यांवर फुटते आणि बाहेरचा माणूस दिसला की शब्दाने किंवा हाताने त्याला हुसकावले जाते.

डॉक्सींची शिडी वाचताना आपल्याकडची एकेक जागा डोळ्यांपुढे येते. भंडारदरा, माळशेज, ताम्हिणी, पळसदरी, कोंडेश्वर. कोणती जागा कोणत्या पायरीवर आहे हे तिथला चहावाला एका मिनिटात सांगेल. डॉक्सींवर पुढच्या अभ्यासकांनी घेतलेला आक्षेपही तितकाच महत्त्वाचा आहे. डॉक्सींनी गावाला एक मन आहे असे धरले. प्रत्यक्षात ज्याला पर्यटकाकडून पैसा मिळतो तो पहिल्या-दुसऱ्या पायरीवर रेंगाळतो आणि ज्याच्या वाट्याला फक्त त्रास येतो तो थेट तिसरीवर पोचतो. कोंडेश्वरची शेंगा विकणारी आणि आवणी करणारा ही त्याचीच उदाहरणे. मला त्यात आणखी एक भर घालावीशी वाटते. डॉक्सींच्या शिडीत पहिली पायरी गृहीत आहे. यजमानाने कधीतरी दार उघडले होते, असे ते धरून चालतात. आपल्या धबधब्यांवर दार कुणी उघडलेच नाही. पाच-सात वर्षांपूर्वी कुणीतरी व्हिडिओ टाकला, जागेचा ठिकाणा सांगितला, आणि पुढच्या पावसात शेकडो माणसे आली. गावाला आनंदाची पायरी मिळालीच नाही. यजमानपण लादले गेले, आणि लादलेल्या यजमानपणातून चीड येणारच.

याच पट्ट्यातली दुसरी घटना मी मुद्दाम या चिडीशेजारी ठेवतो. 26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली. उल्हास नदी रुळांवर आली होती. पहाट झाली तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना समुद्रासारखे पाणी होते आणि डब्यांत सुमारे 1,050 माणसे. त्यांत नऊ गर्भवती होत्या. पिण्याचे पाणी संपत आलेले. एनडीआरएफच्या बोटी, नौदलाचे पाणबुडे, हवाई दलाची हेलिकॉप्टरे पुढे आली आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. देशभर त्याची बातमी झाली. बातमीत थोडी कमी जागा मिळाली ती चामटोलीसारख्या आसपासच्या गावांतल्या लोकांना. ते मदतीला धावले होते. ज्यांची स्वतःची घरे आणि शेते त्याच पाण्याच्या वेढ्यात होती, त्यांनी अनोळखी माणसांना हात देऊन बाहेर काढले, चहा दिला, खायला दिले.

काही किलोमीटरवर, त्याच तालुक्यात, त्याच उल्हासच्या खोऱ्यात, त्याच पावसाळ्यात. एकीकडे हजारभर अनोळखी माणसांसाठी गाव धावते आणि दुसरीकडे चार अनोळखी माणसे दिसली की गाव तोंड फिरवते. माणसे तीच आहेत. फरक पाहुण्याच्या येण्यात आहे. चामटोलीला आलेला माणूस संकटात होता आणि त्याला ठाऊक होते की तो दुसऱ्याच्या दारात उभा आहे. कोंडेश्वरला जाणाऱ्या माणसाला आपण कुणाच्या दारात उभे आहोत हेच ठाऊक नसते. त्याच्या लेखी ती जागा निसर्गाची, म्हणजे कुणाचीच नाही. आपल्या संस्कारात अतिथीला देव मानायला शिकवले आणि पर्यटन खात्याने त्याची जाहिरातही केली. देवाने घरात आल्यावर कसे वागावे, हे मात्र कुणी शिकवले नाही. सगळे ओझे यजमानावर टाकून पाहुण्याला मोकळे सोडणारी ही एकतर्फी शिकवण आता बदलायला हवी.

पाहुणचाराचा याहून खोल धडा या पट्ट्यात शेजारीच आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेल्या बराकी, कुटुंबामागे थोडीशी जागा, मधे पडदे. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. ज्यांना कुणी बोलावले नव्हते, ज्यांची भाषा वेगळी होती, ती माणसे आग्री-कुणबी गावांच्या मधोमध येऊन राहिली. तेव्हा सगळे गोडीगुलाबीने झाले असे म्हणणे खोटे ठरेल. जमीन, पाणी, बाजार यांवरून ताण होतेच. पण सरकारने त्या वेळी एक गोष्ट केली. आलेल्यांची नोंद केली, जागा आखली, छावण्यांना क्रमांक दिले, आणि येणारा कोण व कुठे राहणार हे कागदावर ठरले. आज त्याच उल्हासनगरात सिंधी घरात पाऊल टाकले की आधी पाणी आणि पापड पुढे येतो. एके काळचे आश्रित असे यजमान झाले.

पर्यटनात आपण ती साधी नोंददेखील करत नाही. राज्याच्या 2024 च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगारांचे उद्दिष्ट आहे. त्यातला किती रोजगार भोजच्या वाडीत पोचणार, हा प्रश्न त्या आकड्यांत दडून जातो. बदलापूर ते कर्जत या पट्ट्यात फार्महाऊसेस आणि रिसॉर्ट उभी राहत गेली. तिथल्या राखणदाराचे, भांडी घासणाऱ्या बाईचे कामाचे तास आणि पगार कोण पाहतो? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने 1999 मध्ये चिलीतल्या सँतियागो इथे पर्यटनाची जागतिक नीतिसंहिता मंजूर केली. तिचे पाचवे कलम सांगते की स्थानिकांना पर्यटनाचा न्याय्य वाटा मिळाला पाहिजे; नववे कलम पर्यटनातल्या कामगारांच्या हक्कांचे आहे. संहिता ऐच्छिक आहे, म्हणून ती कपाटात राहिली. स्थानिक पातळीवर तिला दात देणे आपल्या हातात आहे.

ते कसे करता येते याचे उदाहरण साताऱ्याला आहे. कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आले आणि फुलांच्या दिवसांत माणसांचा पूर लोटला. वनखात्याने कास, एकीव, आटाळी, कासाणी या आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना सोबत घेतले. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा ठरली, ऑनलाइन नोंदणी आली, प्रवेशशुल्क लागू झाले. राखण, वाट दाखवणे, पार्किंग ही कामे गावातल्या पोरांकडे आली. सगळे सुरळीत झाले असे नाही. कुंपणावरून वाद झाला, कुंपणामुळे गुरे चरायची थांबली आणि गवत माजून फुलांवरच परिणाम झाल्याचे दिसले, शेवटी ते काढावे लागले. पण चुकीची दुरुस्ती करायला तिथे एक व्यवस्था आहे, आणि त्या व्यवस्थेत गावाला आवाज आहे.

कोंडेश्वरला हे का होऊ नये? 2006 चा वनहक्क कायदा ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आणि तिचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार देतो. तो फक्त अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, अंबरनाथ तालुक्यालाही लागू आहे. ग्रामसभा ठरवू शकते की आवणीच्या पंधरवड्यात कुणीही यायचे नाही, कुंडाकडे जायची वाट कायमची बंद, उतारावरच्या उथळ ओहोळापर्यंत अमुक इतकी माणसे, अमुक शुल्क. पट्टीच्या पोहणाऱ्या तरुणांना जीवरक्षक म्हणून प्रशिक्षण आणि पगार मिळू शकतो. आज माणूस बुडाला की शोधाला याच तरुणांना बोलावतात आणि काम झाले की विसरतात. दोर, तरंगती रिंग आणि पावसाच्या चार महिन्यांचा पगार यांचा खर्च एका सुशोभीकरण प्रकल्पाच्या कमानीएवढाही नाही.

कुणी म्हणेल, शुल्क लावले की गरीब मुलांची सहल बंद होईल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. घाटकोपर, कल्याण, उल्हासनगरच्या चाळींतल्या मुलांना रिसॉर्टचा तलाव परवडत नाही, म्हणून ती कुंडात उतरतात. त्यांच्यासाठी शुल्क नाममात्र ठेवता येईल. शाळा-कॉलेजांच्या गटांना ते माफही करता येईल. गावाने सांगितलेल्या जागी, गावातल्या कुणाच्या तरी नजरेखाली पाण्यात उतरलेला मुलगा संध्याकाळी घरी पोचण्याची शक्यता बांधावरून लपत गेलेल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त आहे.

जिल्हा प्रशासनाने पुढच्या मनाई आदेशाआधी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, कोंडेश्वर, भोज, दहिवलीसह यादीतल्या प्रत्येक ठिकाणच्या गावाची ग्रामसभा घ्यावी, तिचा ठराव आदेशात जोडावा, आणि त्या ठरावात गाव 'यंदा नको' म्हणाले तर तो शब्द अंतिम मानावा. वाचकांकडेही एक मागणे आहे. या पावसात त्या बाजूला जाणार असाल तर आधी गावात थांबा, कुणालातरी विचारा, आणि ते नको म्हणाले तर परत फिरा.